म्हाताऱ्याचं पाणी तोडा

अध्यक्षसाहेब, बाग सेवनियातल्या आपल्या कॉलनीत मिलिंदच्या छताचा गिलावा पडला तो तुमच्यामुळे. वर्षभर तो ग्रुपवर फोटो टाकत होता. तुम्ही एक अंगठा पाठवून गप्प.

त्या रविवारी गिलावा थेट उशीवर कोसळला. मिलिंदनं पुन्हा फोटो टाकला. तेवढ्यात ग्वाल्हेरच्या मेहुण्याचा, अजिंक्यचा, मेसेज आला, "जीजाजी, मंगोलांच्या वेढ्याचा गेम घेऊ की सामुराईचा?" मिलिंदच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यानं लगेच बोलून पाठवलं.

"डोकं चालवायचं असेल तर वेढा. म्हाताऱ्याचं पाणी तोडायचं, धान्य अडवायचं. चार दिवसांत हात जोडत बाहेर येतो. हात शिवशिवत असतील तर दुसरा. बागेत झुडपामागे दबून बसायचं, म्हातारा फिरायला आला की मागून एकच वार. खल्लास!"

दोन्ही गेममधला शत्रू म्हणजे एक म्हातारा सरदार. पाठवल्यावर त्यानं पाहिलं. सगळं कॉलनीच्याच ग्रुपवर गेलं होतं. गिलाव्याच्या फोटोखाली. आणि कॉलनीत रोज पहाटे बागेत फिरणारे म्हातारे म्हणजे तुम्हीच.

"वंदना, मेलो! पोलिस केस झाली तर नोकरी गेली माझी."

"डिलीट करा ना आधी!"

केलं. पण तोवर तुम्ही ऐकलं होतं, आणि ज्यांनी ऐकलं नव्हतं ते विचारू लागले, डिलीट का केलं? मिलिंद समजावायला तुमच्या घरी धावला. दारात पाण्याचे कॅन आणि गव्हाची पोती उतरत होती. आतून काकू म्हणाल्या, "ते घरी नाहीत." बाहेर तुमच्या चपला होत्या.

मग पहाटे बागेतच गाठून माफी मागायची, असं त्यानं ठरवलं. लोक टकामका बघायला लागले, तसा बिचारा झुडपामागे सरकला. तुम्ही आलात. तो हात जोडून उसळला, "साहेब!"

तुम्ही काय पळालात, साहेब!

तासाभरानं घंटी वाजली. "पोलिस! वंदना, कपडे भर."

"तुमचे भरते. मला कुठे नेणारेत?" तिनं दार उघडलं.

गार्ड होता. मागे घमेली घेतलेले तिघे. "सर, मिस्त्री आये हैं. साहब बोले, छत आज ही होना चाहिए. और पूछ रहे थे, नल-वल का कुछ है क्या?"

मिलिंद घामानं निथळत भिंतीला टेकला. वंदना हळूच म्हणाली, "जिन्यातला दिवाही गेलाय. अजून काही बोलून पाठवता का?"

अध्यक्षसाहेब, वर्षभर हात जोडले, ते तुम्हाला दिसले नाहीत. आता आम्ही खेळायचं तरी काय, वेढा की तलवार? उत्तर द्या. अंगठा नको.