वुर्टेंबर्गच्या राजाचा बंदोबस्त

वुर्टेंबर्ग हे जर्मनीतले छोटे राज्य बुडून १९४२ साली दोन तपे होत आली होती. परंतु तशी खबर आमच्या तालुक्याच्या फौजदारांपर्यंत पोहोचलेली नव्हती. सबब पुढील प्रकरणात त्यांना दोष देता येत नाही.

शामकांत पाठक हे नगर जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी इतिहास शिकवीत. इतर मास्तर फावल्या वेळात शिकवण्या घेत, हे वुर्टेंबर्गचे राजे वाचीत. त्या उन्हाळ्यात वाचनालयात त्यांनी या राजांवर व्याख्यान दिले. पहिला राजा फ्रेडरिक नेपोलियनच्या मेहेरबानीने राजा झाला आणि अंगाने अवाढव्य होता, एवढे ऐकून लोक हसले. शेवटचा राजा विल्हेल्म आला तेव्हा मास्तरांचा आवाज हळवा झाला. ते म्हणाले, "हा राजा आपली कुत्री घेऊन राजधानीच्या रस्त्यानं फिरायला जाई. सोबत शिपाई नाही. लोक टोपी काढत, तोही टोपी काढी."

दुसऱ्याच दिवशी फौजदार छगनरावांचे बोलावणे आले.

"मास्तर, लढाई चालू आहे आणि तुम्ही जर्मन राजाची तारीफ करता?"

"तो वारला, साहेब. राज्य तर त्याच्याआधीच गेलं."

"कुणी घेतलं?"

"लोकांनी."

फौजदारांनी उठून दार लावले. लोकांनी राज्य घेणे हा विषय त्या वर्षी जर्मनीपेक्षाही नाजूक होता.

"हे बोललात व्याख्यानात?"

"वेळ पुरला नाही."

"बरं झालं. राजा जर्मन होता, ते मी पोटात घालीन. पण शिपाई नाही म्हणजे काय? आज बाजारात भाजीवाल्या छबूबाईनं, तुमचं व्याख्यान ऐकून, माझ्याकडं कोथिंबिरीचे पैसे मागितले. आजवर मागितले नव्हते." फौजदार खरोखरच दुखावले होते. "पुन्हा व्याख्यान द्या. राजाला शिपाई द्या."

"इतिहासात एकही नाही हो."

"म्हणून सुरुवातीला चारच द्या. नाहीतर लढाई संपेपर्यंत तुम्हाला आत बसवावं लागेल."

मास्तरांना जेवण गेले नाही. पत्नी इंदूताईंना दिवस गेले होते. त्या म्हणाल्या, "मेलेल्या राजाच्या मागं चार शिपाई चालले, तर त्याचं काय बिघडणार आहे? तुम्ही आत गेलात तर मी कुणाच्या दारात उभी राहू?"

दुसरे व्याख्यान झाले. पहिला शिपाई उच्चारताना मास्तर अडखळले. चौथ्यापर्यंत आवाज मोकळा झाला. श्रोते पुढे सरकून ऐकत होते. पहिल्या खेपेस पेंगलेला गहिनीनाथ नावाचा शेतकरी शेवटी मुद्दाम भेटायला आला.

"मास्तर, मागल्या येळंला राजा ध्यानातच आला न्हाई. आज लई भारी वाटला. पन चारच शिपाई? आमचा मामलेदार येतो तवा सा आसत्यात."

मास्तर म्हणाले, "सणावाराला बारा असत."

हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. फौजदार तर केव्हाच घरी गेले होते.

मग गावोगावची बोलावणी येऊ लागली. काष्टीच्या बाजारात राजाच्या पुढे घोडेस्वार आले. पाथर्डीला त्याच्या वाटेतली दुकाने बंद करण्यात आली आणि टाळ्या थांबेनात. कुत्री वगळावी लागली, कारण घोडे बुजले असते. घरी इंदूताईंनी एकदा विचारले, "तो एकटा फिरायचा, ते तुम्हाला आवडायचं ना?" मास्तर म्हणाले, "तेव्हा माझा अभ्यास कमी होता."

वार्षिक परीक्षेत त्यांनी राजाच्या बंदोबस्ताचे वर्णन करण्यास सांगितले. दोघा-तिघांनी राजा एकटा फिरे असे लिहिले. मास्तरांनी त्यांचे गुण कापले आणि समासात शेरा मारला, "कल्पनेवर भर."

वाचकहो, मास्तरांना हसण्यास हरकत नाही. मात्र आजही कोणाचा तरी ताफा जायचा म्हणून तुम्हाला उन्हात अडवून ठेवतात, तेव्हा गाड्या किती होत्या, हे घरी आल्यावर तुम्हीच कौतुकाने सांगता.