ढेकणांचं शूटिंग

वस्तू पारखावी तर मी! हे मी माझ्या तोंडानं सांगत नाही, नागपूरला अजनीच्या रेल्वे क्वार्टरात कोणालाही विचारा. आमच्या ओळीत एकही कुकर माझ्या सल्ल्याशिवाय शिट्टी मारत नाही, एकही कूलर मला दाखवल्याशिवाय खिडकीत बसत नाही! आणि माझा नियम अगदी साधा आहे. वस्तू उचलून पाहायची. जड लागली तर घ्यायची, हलकी लागली तर दुकानदाराला नमस्कार करून उठायचं. इस्त्री असो, मिक्सर असो की पाणी भरायचा पितळी गुंड असो, वजन कधी खोटं बोलत नाही.

आमचे हे, म्हणजे चंद्रभानराव, रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहेत. ते म्हणतात, "बरं झालं बाप्पा, पाहाले आलो तवा तू मले उचलून नाही पाह्यलं!" आपण हसायचं आणि सोडून द्यायचं.

तर माझे दीर रविंद्रभाऊजी कुवेतहून रजेवर आले ते रंगीत टीव्ही आणि त्याला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन. एक काळं खोकं, त्याला वायरनं बांधलेला दांडा, दांड्याजवळ लाल बटन. टीव्हीवर वरून रांगेनं किडे उतरतात, खालून बंदूक सरकवत ते उडवायचे. जसजसे गुण वाढतात तसतसे किडे जोरात पळतात. भाऊजींनी एकदा नव्वद हजार गुण केले आणि पोटचं पोर परीक्षा पास झाल्यासारखं सगळ्या क्वार्टरांत सांगत फिरले! सासूबाई कौतुकानं पाहायला बसल्या, तर त्यांना म्हणाले, "आई, तुह्याच्यानं नाही होणार हे. तू आपली भाजी निवड."

हे वाक्य सासूबाईंना असं झोंबलं, असं झोंबलं, की काय सांगू!

माझ्या सासूबाई प्रयागबाई म्हणजे हट्टाला पक्क्या. भाऊजी गेम आमच्याकडे ठेवून कुवेतला परतले, आणि दुपारची जेवणं आटोपली, कूलर सुरू झाला की सासूबाई दांडा धरून टीव्हीसमोर. त्या किड्यांना त्या ढेकणं म्हणायच्या. जुन्या क्वार्टरातल्या खाटांची ढेकणं मारण्यात त्यांचा हात कोणी धरला नव्हता. "निंगलं का चेपाचं! इचार करत बसलं का ते फटीत जाते," हे त्यांचं शास्त्र. एक दिवस मी आणि शेजारच्या यमुताई भाजी निवडत बसलो होतो, आणि आमच्या डोळ्यांसमोर सासूबाईंनी नव्वद हजार ओलांडले! मी शेंगांचं ताट पालथं करून उठले! गेम बंद केला की आकडा पुसून जातो, पण आम्ही दोघींनी पाहिला होता ना!

आमच्या ओळीत फोन फक्त यमुताईंकडे. भाऊजींचा फोन आला तसा मी सगळ्यांत आधी हेच सांगितलं. तर ते खो खो हसले.

"वहिनी, आईले खूश कराले सांगून राहिल्या नं? बरं बरं! तोडला माझा रेकॉर्ड, तोडला!"

सासूबाई फोनला कान लावून उभ्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला. घरी आल्या, खाटेवर बसल्या आणि चहा पुढे केला तर पेला बाजूला सारला. सासूबाईंनी चहा नाही म्हटल्याचं मी लग्नापासून पाहिलं नव्हतं!

"लेकराची समजूत काढाव तसा बोलला वं तो मले," त्या म्हणाल्या. "त्याच्या डोळ्यानं त्याले दाखव. बाकी मी काही मांगत नाही."

मला एकदम भरून आलं. म्हातारीनं आयुष्यात साधं लुगडंसुद्धा कधी मागितलं नव्हतं! मी म्हटलं, "आई, दाखवते. या प्रेमिलेनं शब्द दिला!"

योगही जुळून आला. भाऊजींच्याच कंपनीतला कामठीचा ओमप्रकाश सुटीवर आला होता आणि रविवारी परत निघणार होता. त्याच्याबरोबर व्हिडिओ कॅसेट पाठवायची! तिकडे भाऊजींच्या खोलीत कॅसेट पाहायचं मशीन होतंच. आता खेळ कॅसेटवर घ्यायला सामान तेवढं निवडायचं होतं. आणि सामान निवडायचं म्हटल्यावर क्वार्टरात नाव कोणाचं? माझं!

ह्यांनी मात्र आधी आपलं घोडं पुढे दामटलं. कपाटातला फोटोचा कॅमेरा काढला आणि चालू खेळाचा फोटो घेतला. धुऊन आला तर टीव्हीच्या जागी पांढराफेक गोळा!

"हे काय?" मी विचारलं.

"फ्लॅश हाये. काचेवर पडला."

"वा! भाऊजींना सांगू, आईनं सूर्य पाडला म्हणून!"

मग ह्यांनी रामदासपेठेतल्या एका दुकानातून खबर आणली. तिथे रेकॉर्डिंगवालं व्हीसीआर भाड्यानं मिळतं, गेमची वायर त्यात, त्याची वायर टीव्हीत, बटन दाबलं की पडद्यावरचं सगळं जसंच्या तसं कॅसेटवर! मी गेले, मशीन दोन्ही हातांनी उचललं. बाप्पा! रिकामा डबा बरा! एका हातात आलं!

"हे नाही चालत," मी म्हटलं.

"काहून?" ह्यांनी विचारलं.

"नुसती फुंकर मारली तर उडून जाईल! यात आईची ढेकणं मावतील तरी का?"

"अवं, वजनाचा काय संबंध?"

पण मी ऐकते कशाची! तिथून सरळ इतवारी गाठली. तिथे एक मशीन असं दणकट होतं की उचलताना माझ्या तोंडून 'अगं आई' निघालं. झाली पसंती! हमालाकडून रिक्षात ठेवून घरी आणलं, सासूबाईंनी त्यालासुद्धा हळदकुंकू लावलं. मग हे त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते पाहतच राहिले.

"रेकॉर्डचं बटन कुठं हाये?"

"मागे असेल."

"मागंही नाही. प्रेमिला, हे निस्तं कॅसेट दाखवाचं मशीन हाये. हे देते, घेत नाही!"

मी दुकानदारावर तोंडसुख घेतलं, पण तोवर शनिवार उजाडला होता, आणि रामदासपेठेतलं ते फुंकरीनं उडणारं मशीन कोणीतरी घेऊन गेलं होतं. सासूबाई दांड्याची वायर गुंडाळून ठेवत होत्या. त्यांना तसं पाहवेना मला!

आता लग्नाचं शूटिंग करणारे उरले. त्यातही मी दोघांचे कॅमेरे उचलून पाहिले, उगाच कोणी म्हणायला नको. दुसरा होता लहानूभाऊ. त्याचा कॅमेरा खांद्यावर, कॅमेऱ्याचं मशीन वेगळं गळ्यात, वर भल्ला मोठा दिवा! कॅमेरा खांद्यावर घेतला तर मी एका बाजूला कलले. माझ्या मनानं तेव्हाच कौल दिला.

"लहानूभाऊ, टीव्हीवरचा गेम घ्यायचा आहे. जमेल ना?"

"वहिनी, शेकडो लग्नं घेतली गा आपण!" पुरुषांना म्हणतात तसं बायकांनाही 'गा' म्हणायची त्याला सवय. "एक माणूस सुटला नाही आजवर! नवरदेवाचा रुसलेला फुफा घेतला, मांडवाबाहेर झोपलेला आचारी घेतला. हे तं घरातल्या घरात हाये!"

याच वाक्यावर मी सावध व्हायला हवं होतं. पण मी कॅमेऱ्याच्या वजनावर खूश होते!

रविवारी सकाळी लहानूभाऊ सामान घेऊन क्वार्टरात शिरला आणि अख्ख्या ओळीत बोंब झाली, 'चंद्रभानकडे शूटिंग हाये!' शूटिंग म्हणजे कार्य! अर्ध्या तासात बायका रेशमी नेसून हजर. एकीनं नारळ आणला, एकीनं ब्लाउजपीस. "कोणाचं जमलं वं? आम्हाले सांगतलं नाही तुम्ही!" मी सांगतेय की सासूबाई ढेकणं मारणार आहेत, तर त्या एकमेकींकडे पाहून म्हणतात, "मुलीकडचं नाव सांगाचं नसन." मग मीही आत जाऊन माझी मोरपंखी साडी नेसले. शूटिंग ते शूटिंग!

पडदे ओढले, लहानूभाऊनं दिवा लावला. कूलर सुरू असूनही खोलीची भट्टी झाली. सासूबाईंच्या मागे त्यानं लाल चादर ताणली. सासूबाईंनी दांडा कपाळाला लावला आणि बसल्या.

"प्रयागबाई, जरा हसा!"

"ढेकणं आली का हसते. तू टीव्हीकडं पाह्य."

खेळ सुरू झाला. काय सांगू महाराजा, त्या दिवशी म्हातारीच्या अंगात आलं होतं! टुई टुई टुई, एक किडा खाली पोचू देईनात. हे खाटेच्या कोपऱ्यावर उभे राहून आकडा ओरडत होते, "चाळीस हजार! साठ!" आणि लहानूभाऊ? लहानूभाऊ पाहुण्या बायकांच्या ओळीवरून कॅमेरा फिरवत होता! सवय ती सवय!

"अहो भाऊ, टीव्ही घ्या, टीव्ही!"

"घेतो वहिनी, आधी वडीलधारे होऊन जाऊ द्या!"

मी त्याचं डोकं धरून टीव्हीकडे वळवलं, आणि त्याच क्षणी हे खाटेवरून किंचाळले, "नव्वद! नव्वद हजार गेले! रविंद्रचा रेकॉर्ड तुटला!"

झालं! यमुताईंनी आतून ओवाळणीचं तबक आणलं आणि टीव्ही आणि कॅमेरा यांच्या बरोब्बर मध्ये उभ्या राहिल्या. त्यांच्या मागून सगळ्या बायका उठल्या. कोणी कुंकू, कोणी नारळ, कोणी ब्लाउजपीस ओटीत!

"बाजूले व्हा वं!" सासूबाई मान डावीउजवीकडे काढून खेळत होत्या. "ढेकणं चढून राहिली!"

"यमुताई, थांबा गा!" लहानूभाऊ गरजला. "कुंकू नीट नाही आलं. पुन्हा लावा! इकडं पाहून! हां, आता अक्षता!"

"अक्षता कशाला?" हे ओरडले.

"शूटिंगात छान पडतात!"

म्हणजे अक्षता पडताहेत, दिवा फिरतोय, सासूबाईंच्या भुवईपासून नाकापर्यंत कुंकू, आणि तरी अंगठा बटनावरून ढळत नाही! शेवटी मीच कंबर कसली. पदर खोचला, सगळ्यांच्या पुढे झेप घेतली, दोन्ही हात पसरले आणि घसा फोडून ओरडले, "बाजूला व्हा! टीव्ही दिसत नाही! बाजूला व्हा!" एकेकीला दंडाला धरून मागे लोटलं. बऱ्याच वेळानं मैदान मोकळं झालं. लहानूभाऊनं एकदाचा कॅमेरा पडद्यावर स्थिर केला.

पडद्यावर किडे भिंगरीसारखे पळत होते. आणि वर, आकड्यांच्या पाचही घरांत, शून्य होतं.

 लहानूभाऊ ते शून्य मोठं करून, अगदी निवांत घेत होता.

"किती झाले?" सासूबाईंनी विचारलं.

सगळ्या बायका ह्यांच्याकडे पाहू लागल्या.

"चंद्रभान, किती झाले रे?"

"शून्य दिसून राहिलं, आई."

त्यांचा अंगठा थांबला. पटापट किडे खाली उतरले आणि खेळ संपला. "शून्य?" त्या कपाळावरचं कुंकू पुसत म्हणाल्या. "मंग म्या एवढा वेळ काय केलं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! तेवढ्यात ओमप्रकाश दारात. रिक्षा उभी, गाडीची वेळ झालेली. मी कॅसेट पदराखाली लपवली. "नाही पाठवायची ही! पुढच्या वेळी पाठवू."

सासूबाईंनी हात पुढे केला. "दे त्याले. जे झालं ते झालं. लेकापासून काय लपवाचं!" आणि स्वतःच्या हातानं त्यांनी कॅसेट ओमप्रकाशच्या पिशवीत ठेवली. वर बायकांनी आणलेला नारळही दिला.

पुढचे दिवस गेमवर मी कापड टाकून ठेवलं. सासूबाई खरोखरच भाजी निवडत बसायच्या. हे जेवताना पोळी उचलून वजन पाहायचे. राग यायचा, पण बोलणार कोणत्या तोंडानं!

आणि एके संध्याकाळी यमुताई अंगणातूनच ओरडत आल्या, "प्रयागबाई! रविंद्रचा फोन हाये! चाला लवकर!"

आम्ही धावलो, मागून हेही आले. सासूबाईंनी फोन धरला, मी माझा कान त्यांच्या कानाला चिकटवला.

"आई!" भाऊजी तिकडून ओरडत होते. "आई, हारलो वं मी! साफ हारलो!"

"शून्याले काहून हारला बाप्पा?"

"अवं, ते शून्य नोहे! डब्यात पाचच घरं हायेत. नव्याण्णव हजारांच्या वर गेलं का घरं संपतात आणि आकडा शून्यावर येऊन तिथंच अडकून राह्यते! शून्यावर ढेकणं कशी चालतात? मुंगीवानी. तुह्या कॅसेटमंधी तं गाडीवानी पळून राहिली! आमच्या खोलीतल्या सगळ्यायनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. असं शून्य आमच्यापैकी कोणाच्या बापानं नाही पाह्यलं!"

सासूबाईंनी डोळे मिटले. मग फोन तोंडाजवळ नेऊन, आख्ख्या कुवेतला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जोरानं बोल! काय झालं म्हणतं?"

"हारलो!"

"अखीन एकडाव म्हण!"

"हारलो वं माय, हारलो!"

यमुताईंच्या घरात आम्ही नाचायचंच तेवढं बाकी होतं! माझ्या सासूबाईंनी मशीनचे आकडे संपवले! अजनी सोडा, अख्ख्या नागपुरात अशी दुसरी सासू दाखवा मला! माझी छाती अशी फुगली, की मी त्याच तोऱ्यात फोन हातात घेतला.

"मग भाऊजी? सामान मी निवडलं होतं! कसं आलं शूटिंग?"

"छान आलं वहिनी. फक्त एक सांगा, ती मोरपंखी साडी कोणाची हाये?"

"माझी! दिसली का?"

"दिसली का! बायका तं पटकन सरकल्या होत्या. नव्वद हजारांपासून शून्यापर्यंत पडद्यावर निस्ती तुमची पाठ हाये. दोन्ही हात पसरून तुम्हीच उभ्या, आणि तुम्हीच ओरडून राहिल्या, 'बाजूला व्हा, टीव्ही दिसत नाही!'"

मी फोन हळूच खाली ठेवला. मागे वळून पाहिलं तर हे भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होते. हसोत बापडे. साडीचा रंग मात्र कॅसेटवर अगदी जसाच्या तसा उतरला, असं भाऊजीच म्हणाले. उतरणारच! इतवारीत दहा साड्या हातात तोलून घेतली होती मी. सगळ्यांत जड तीच होती.