रांगेत टिकेल ती तक्रार

कोरफडीचा रस सुरक्षित आहे, हे सुरक्षितता कक्षाने विहित पद्धतीने सिद्ध केले होते. काही माणसांना महिनाभर रस पाजायचा आणि तक्रारींची वाट पाहायची, ही ती पद्धत. तक्रार मात्र प्रत्यक्ष येऊन, खिडकीपुढे रांगेत उभं राहूनच नोंदवायची. सालीखालचा पिवळा चीक रसात राहिला की पोट धावू लागतं, आणि धावतं पोट घेऊन कोणी रांगेत उभं राहत नाही. कक्षाचं स्वच्छतागृह फक्त कर्मचाऱ्यांसाठी होतं. सबब तक्रारी शून्य. बाटलीवर शिक्का बसला.

तो शिक्का मारणाऱ्या तपासनीसबाईंना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वाटलं ते घरी, सासूबाईंनी चमचा उचलला तेव्हा. रसानं कांती उजळते, केस वाढतात, गुडघे कुरकुरत नाहीत, असं ऐकून सासूबाई तो रोज पीत, दिवसभर आतबाहेर करत आणि त्याला शुद्धी म्हणत. येत्या रविवारपासून सुनेच्या सात महिन्यांच्या पिल्लाचीही शुद्धी व्हायची होती. पिल्लू बोळकं वासून चमच्याकडे बघत होतं. त्याला काय, आजी देईल ते अमृत.

"आई, बाळाला नको हं," सून म्हणाली.

"अगं, तुझ्याच ऑफिसचा शिक्का ना हा?"

नवऱ्यानं मोबाइलमधून मान वर न काढता आईच्या बाजूनं कौल दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना गाठलं. शिक्का तक्रारीशिवाय निघत नाही आणि तक्रार रस प्यायलेल्यानंच करायची असते, असं साहेबांनी शांतपणे समजावलं. तिनं पिल्लाचं बोळकं आठवलं, नमुन्याची बाटली घशाखाली उतरवली आणि रांग धरली. पुढे गळक्या छत्र्यांचे आणि केस घालवणाऱ्या शाम्पूचे तक्रारदार निवांत उभे होते. तिचा नंबर दोन माणसांवर आला आणि पोटात ढोल वाजू लागले. तिनं शिपायाकडे किल्ली मागितली.

"मॅडम, तुम्ही आत्ता तक्रारदार आहात," शिपाई म्हणाला. "किल्ली कर्मचाऱ्यांना."

ती रांगेतून बाहेर पडली, त्याच क्षणी कर्मचारी झाली. किल्ली मिळाली, तक्रार गेली. साहेबांनी शेरा मारला : तक्रारदाराचे समाधान झालेले आहे.

शनिवारी संध्याकाळी चमचा उकळून तयार होता. पिल्लाची दुपटी घडी करता करता सून सहज म्हणाली, "पलीकडच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्यांच्या सासूबाईंनी हा रस बंद केला म्हणे."

सासूबाईंचा हात थांबला. "कधी?"

"परवाच."

बाटली बेसिनमध्ये रिकामी झाली. शिक्क्याबिक्क्याचं काही खरं नसतं, हेही त्यांनी सुनेला जाता जाता ऐकवलं. पिल्लानं रिकामा चमचा पकडला आणि तोंडात घातला.

डॉक्टरीणबाईंच्या सासूबाईंनी रस का सोडला, मुळात पलीकडे कोणी डॉक्टरीण राहते का, हे कोणीच विचारलं नाही. तुम्हीही नाही विचारलंत.