भटक्या प्रवाहाचा बंदोबस्त

शहाद्यात ट्राम धावणार असं ठरलं, आणि पुढचा धोका ओळखून रुळांच्या आधी 'भटका प्रवाह नियंत्रण कक्ष' उघडण्यात आला. रुळांतून निसटलेली वीज जमिनीत शिरते आणि नळाच्या पाइपातून बाहेर पडताना लोखंड खाते, हे शास्त्र आहे. ट्राम नव्हती, रूळ नव्हते. पण कक्षाला पाटी, पंखा आणि योगेंद्रसाहेब मिळाले होते.

साहेब वाहिद रंगाऱ्याच्या गल्लीतल्या पाइपातला प्रवाह वर्षभर मोजत राहिले. दर महिन्याला शून्य. मग वरून पत्र आलं: प्रवाह निम्म्यावर आणावा. साहेबांनी शून्याचं निम्मं करून पाहिलं, शून्यच आलं. लगेच दुसरं पत्र: प्रगती का नाही, खुलासा करा. साहेब माणूस सज्जन, पण नोकरी सगळ्यांनाच प्रिय. त्यांनी ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणून पाइपाला जोडल्या. मीटरचा काटा हलला तेव्हा कक्षात पेढे वाटले गेले.

पाइपाची चाळण झाली. गल्लीचे नळ कोरडे पडले आणि वाहिदच्या हौदात लग्नाच्या चाळीस ओढण्या अर्ध्या रंगात अडकल्या. शुक्रवारी माल द्यायचा होता. तो तडक कक्षात गेला.

"साहेब, ट्रामच नही शे, ते करंट कोठून ई ऱ्हायना?"

"तीच तर चिंता आहे," साहेब म्हणाले. "ट्राम नसताना एवढा, मग आल्यावर किती!"

"पाइप तरी बदली द्या. मन्हा माल खराब व्हई जाई."

"पाइप बदलला तर मोजमाप बिघडेल. मार्चअखेर एक बॅटरी काढतोय. प्रवाह बरोबर निम्म्यावर येईल."

वाहिदचं डोकं फिरलं. कक्ष बंद करा, असा अर्ज लिहून तो सह्या घ्यायला निघाला. सारी गल्ली हंडे घेऊन वणवण करत होती. सह्यांना कागद पुरणार नाही, असं त्याला वाटलं. एकही मिळाली नाही. शेजारच्या भिकनने डोक्यावरचा हंडा उतरवला, अर्ज वाचला आणि परत दिला.

"वाहिदभाऊ, हाई ऑफिस गयं ते ट्राम बी गयी. मंग मन्हा प्लॉट कोण ली?"

त्याच्या प्लॉटवर पाटी होती: 'नियोजित ट्राम थांब्यापासून पाच मिनिटे'.

अर्ज अजून वाहिदच्या खिशात आहे. तुम्ही हसलात, म्हणजे तुम्हाला पटलेला दिसतो. तुमचाही फ्लॅट नियोजित मेट्रोपासून पाच मिनिटांवर आहे ना? करा सही.