तिघांच्या आतली माहिती

आमचे मधुदादा एका माणसाबद्दल कधीच काही सांगत नाहीत. दोघांबद्दलही नाही. किमान तिघं असले, तर त्यांची मिळून बेरीज सांगतात.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. गेल्या गणपतीत नैवेद्याच्या ताटाबाहेर ठेवलेले मोदक भरदुपारी कमी झाले. सासूबाईंनी विचारलं, "मधू, तू इथेच बसला होतास. कोणी खाल्ले?"

दादा म्हणाले, "तू, मी आणि अरविंदराव. तिघांत मिळून सतरा."

सासूबाईंचा उपास होता. दादांना गोड चालत नाही. उरलेलं गणित सगळ्या घराने माझ्याकडे बघत केलं. दादा मात्र शांत होते. बेरीज दिली की त्यांचं काम संपतं, तिच्यातून कोणी काय ओळखायचं ते ज्याचं त्याने बघावं.

डॉक्टरांनी साखर विचारली तर ते आईची, बहिणीची आणि स्वतःची सरासरी सांगतात. तरुणपणी वाणगावला मुलगी बघायला गेले होते. मुलीच्या वडिलांनी पगार विचारला. "आमच्या कार्यालयातल्या अकरा जणांचा मिळून सांगतो," असं यांनी उत्तर दिलं. वडिलांनी पोह्यांची बशी हळूच आपल्याकडे ओढून घेतली म्हणे. त्यानंतर दादा कुठे बघायला गेले नाहीत आणि आता साठीला टेकले.

हे खूळ त्यांच्या नोकरीतून आलेलं. दादा पालघरला सरकारी सांख्यिकी कार्यालयात अन्वेषक आहेत. नैसर्गिक वायू वापरणाऱ्या कारखान्यांची पाहणी त्यांच्याकडे असते. कोणत्या कारखान्याने महिन्याला किती गॅस घेतला, बॉयलरला किती जाळला, भट्टीला किती, हिशोबाबाहेर किती गेला, हे सगळं त्यांच्या विवरणपत्रात लिहून द्यायचं. दादा तारापूरच्या एमआयडीसीत दारोदार फिरून ते गोळा करतात. वर फक्त बेरीज जाते, तीही किमान तीन कारखान्यांची. एकट्या कारखान्याचा आकडा दादांच्या पोटातून बाहेर पडत नाही.

"एकदा आकडा फुटला, अरविंदराव," ते मला म्हणायचे, "की उद्यापासून खरं कोण सांगणार मला?"

हे ऐकताना मी चुळबुळ करायचो, कारण त्या कारखान्यांतल्या एका कारखान्यात त्यांना आकडे देणारा कारकून मीच.

आमचा कारखाना रंगांची पावडर करतो. पाइपने गॅस येतो. गेटवर एक मीटर आहे, तो गॅसवाल्यांचा. आत दोन मीटर आमचे, एक बॉयलरवर, एक पावडर सुकवायच्या भट्टीवर. गेटवरच्या आकड्यातून आतले दोन वजा केले की जे उरतं, ते शेवटच्या रकान्यात 'फरक' म्हणून लिहायचं. काम पाच मिनिटांचं. पण सरकारी लखोटा दिसला की मी हात मागे घेतो. लग्नाची पत्रिका जरी खाकी पाकिटात आली तरी मी ती बायकोला उघडायला लावतो. त्यामुळे हा फॉर्म मी महिनाभर फाइलीखाली दडपून ठेवायचो.

मग दादा यायचे. आदल्या दिवशी माझ्याच घरी बोंबलाचं कालवण ओरपून गेलेला हा माणूस माझ्यासमोर खुर्ची ओढून विचारायचा, "उत्तर देणाऱ्याचं नाव?"

"दादा, मी अरविंद."

"पूर्ण नाव. आणि इथे दादा म्हणू नका."

मी पूर्ण नाव सांगायचो. ते लिहायचे. कारखान्यातला चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

होळी झाली आणि विवरणपत्र माझ्याकडे परत आलं. फरकाच्या रकान्याभोवती हिरव्या शाईचा गोल आणि खाली दादांच्या किरट्या अक्षरात : 'सलग तीन महिने वाढ. कारण द्यावे.'

कारण मला ठाऊक नव्हतं. ते शोधायचं तर बॉयलरपर्यंत उन्हात जावं लागलं असतं. मी पेन घेतलं आणि भट्टीचा आकडा वाढवला. फरक पूर्वीइतका छोटा झाला. खाली लिहिलं, 'मीटर वाचताना चूक झाली होती.' सरकारला जुळलेला आकडा हवा असतो, तो दिला. एकवीस वर्षं मी असेच आकडे जुळवत आलो आहे आणि दर वर्षी कौतुकाचं एक भिंतघड्याळही मिळवलं आहे.

दुसऱ्या दिवशी दादा हजर. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. एरवी जुळलेली बेरीज बघून त्यांचा चेहरा नुकत्याच आंघोळ घातलेल्या बाळासारखा होतो. आज त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही बघितली.

"हा जुळतोय," ते म्हणाले.

"हो. चूक सापडली."

"कागद जुळला. गॅस कुठे गेला?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "मागचे मूळ आकडे दाखवता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीटरच्या नोंदींची वही घरी राहिली. वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती. ते त्या ड्रॉवरकडे बघून निघून गेले.

मग ते रोज येऊ लागले. दाराजवळच्या बाकावर बसायचे, मांडीवर फॉर्म. कोणी विचारलं तर म्हणायचे, "स्पष्टीकरण बाकी आहे." आमचे मॅनेजर नाडकर्णीसाहेब वैतागले. "अहो, पाहणी चाललीय की पहारा?" म्हणाले. फिटर रामसजीवन मला कानात म्हणाला, "बाबूजी, ये साहब हमको बहुत डरा हुआ लगता है." मी म्हटलं, ते आमचे पाहुणे आहेत, त्यांचा चेहराच तसा आहे.

पण दादा घाबरले आहेत हे मलाही दिसत होतं. छतातून काही टपकलं किंवा बाहेर ट्रकने हवा सोडली तरी ते बाकावरून उठायचे.

रविवारी आमच्या बोईसरच्या घरी जेवायला आले. ताटावर बसले आणि माझ्या बायकोला विचारलं, "सुलू, अरविंदराव रोज डबा कुठे खातात?"

"पॅकिंगच्या शेडमध्ये. तिथल्या बायकांच्या गप्पा ऐकल्याशिवाय यांना घास उतरत नाही."

दादांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "उद्यापासून बाहेर बसून खा," मला म्हणाले. "फाटकाबाहेर. लांब."

"का?"

"सांगता येत नाही."

"अरे दादा, काय झालंय ते नीट बोल," सुलू म्हणाली. "घरातलेच आहोत ना आपण?"

"म्हणूनच," दादा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. आवाज अगदी खाली होता. "उत्तर देणारा म्हणून नाव तुमचं, तेव्हा तुमच्या साहेबांनाही मी तुमचा आकडा सांगू शकत नाही. कारखाने तपासणाऱ्यांनाही नाही. तो आकडा लिहून देणाऱ्याला प्रश्न विचारायची तेवढी मला मुभा आहे. सगळ्या जगात एका माणसाला. त्याला विचारला, त्याने जुळवून दिला."

ते न जेवताच उठले. मी ताटातल्या कालवणात बोट फिरवत बसलो. भीती माणसाला एकदम वाटत नाही, माझ्यासारख्या सुस्त माणसाला तर नाहीच. आधी मला दादांचा राग आला. मग सुलूने विचारलं, "तुम्ही काय जुळवून दिलंत?" तेव्हा मला आमच्या शेडचं छप्पर आठवलं.

पॅकिंग शेडला लांब पत्र्याचं छप्पर आहे. त्याच्याखालून गॅसचा पाइप भट्टीकडे जातो. वाऱ्याने पावडर उडते म्हणून वरच्या झडपा आम्ही बंदच ठेवतो. हा गॅस हलका असतो, वर जाऊन बसतो. आता वासाचं म्हणाल तर आमच्या एमआयडीसीत नाकावर कोणी विसंबत नाही. सकाळी सडक्या कोबीचा वास, दुपारी जळक्या रबराचा, संध्याकाळी कसला ते देवाला ठाऊक. आणखी एक वास आला तर शेजारच्या कंपनीला शिव्या घालून आम्ही कामाला लागतो.

सोमवारी सकाळी ड्रॉवरमधली वही काढली. खरे आकडे मांडले. फरक चौथ्या महिन्यातही वाढला होता. तिथून थेट शेडमध्ये गेलो. बारा बायका पिशव्या भरत होत्या. पिशव्या शिवायचं विजेचं मशीन खडखडत होतं, आणि त्याच्या बरोब्बर वर तो पाइप.

बेटेगावची कमळाबाई पदराने तोंड पुसत होती. तिला विचारलं, "इथे काही त्रास होतो का?"

"आता इचारता साहेब?" ती म्हणाली. "तीन हप्ते डोका गरगरते. मुकादमाला सांगला, तो बोलते ऊन लागला. सावलीत बसून कोणाला ऊन लागते?"

"डबा खाताना मला नाही बोललीस कधी?"

"तुमाला काय सांगणार? तुमी आमच्या सुक्या जवल्यावर नजर ठेवून बसता."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. मी त्या मशीनकडे बघत होतो. दर टाक्याला आत कुठेतरी निळसर ठिणगी उडत होती. ती रोजच उडत असणार.

नाडकर्णीसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, माझ्या खाडाखोडीसकट. ते दोन्ही हातांनी डोकं धरून बसले. "संध्याकाळी माल जायचाय, अरविंद. ही पाळी होऊ दे, मग बघू." मी "बरं साहेब" म्हटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. कोणी विचारलंच, तर मी "बरं साहेब" म्हटलं होतं.

बाहेर आलो तर बाकावर दादा नव्हते. वॉचमन म्हणाला, ते शेडमध्ये गेले.

दादा शेडच्या मधोमध भरलेल्या पोत्यावर बसले होते. बरोब्बर पाइपाखाली. अंगातला शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे. मांडीवर फॉर्म आणि हातात हिरवं पेन.

"दादा, उठा इथून," मी म्हटलं.

"दादा म्हणू नका. स्पष्टीकरण मिळेपर्यंत मी इथे बसतोय. तुमच्या साहेबांना तेवढं कळवा. सरकारी माणूस शेडमध्ये बसलाय म्हणावं."

मी धावलो. साहेबांच्या खोलीचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. एका कारकुनाचं डोकं गरगरलं तर चालतं. बारा बायकांचंही चालतं. पण सरकारी शिक्क्याचा माणूस आपल्या छपराखाली बसलाय म्हटल्यावर नाडकर्णीसाहेब खुर्चीतून उठले. गेटवरचा व्हॉल्व्ह बंद झाला. बायकांना बाहेर काढलं. रामसजीवनने सगळ्यांना आधी बजावलं, "कोई बत्ती का बटन मत छूना. मशीन का भी नहीं. बाहर से मेन काटेंगे." मेन बंद झाला, झडपा उघडल्या. बऱ्याच वेळाने तो साबणाच्या पाण्याची बादली घेऊन शिडीवर चढला. पाइपात जेवढा गॅस राहिला होता तेवढा गळती शोधायला पुरे होता. शिडी पकडायला खाली मी होतो, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं आणि मला नाही म्हणायचं धैर्य नव्हतं.

शिवायच्या मशीनच्या वरच्या जोडावर त्याने पाणी ओतलं. क्षणभर काही नाही. मग फेस आला. एक बुडबुडा, त्याच्यामागे दुसरा, मग द्राक्षांसारखा घोस. रामसजीवन खाली न बघता म्हणाला, "बाबूजी, आप लोग रोज इसके नीचे खाना खाते थे?"

जोड बदलायला दुपार गेली. मी विवरणपत्रावर खरे आकडे लिहिले, कारण लिहिलं : गळती. दादांनी ते वाचलं, सही केली, घडी घालून पिशवीत ठेवलं. मग उठून फाटकाकडे निघाले आणि वाटेत बाकावर पुन्हा बसले.

त्यांना स्कूटरवर मागे बसवून पालघरला सोडायला निघालो. वाटेत ते एवढंच बोलले. "पंधरा दिवस तुम्ही एक वाजता डबा घेऊन आत गेलात की घड्याळाकडे बघायचो. सव्वा वाजता बाहेर आलात की पाणी प्यायचो." माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता, तो बेटेगावच्या फाटकापासून हलला नव्हता.

स्टेशनमागच्या त्यांच्या खोलीपाशी मी वळायला लागलो तर म्हणाले, "चहा घेता का?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. आम्ही कोणी त्या खोलीत कधी गेलोच नव्हतो. आत एक खाट, एक टेबल, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी, नव्यासारखी कोरी. तिच्यावर आधण म्हणून कधी चढलेलं दिसत नव्हतं. "खानावळीचा डबा येतो," ते म्हणाले. "ज्योत पेटवायची मला भीती... चहा मी टपरीवर पितो." फळीवरून त्यांनी दोन कप काढले. एकाच्या बुडाला दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती. तो त्यांनी धुतला, पुसला आणि माझ्या बाजूला ठेवला.

मी काडेपेटी उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही बाहेर उभे राहा," म्हणाले. "जिन्यात. पेटला की हाक मारतो."

मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. दार त्यांनी अर्धं लोटून घेतलं. आतून काडी ओढल्याचा आवाज आला. मोडली. दुसरी ओढली, ती विझली असावी. मग बराच वेळ काहीच नाही. मी कठडा धरून उभा होतो आणि आत जावं की नाही, ते मला ठरवता येत नव्हतं.

मग तिसरी काडी ओढली गेली, आणि दादांचा आवाज आला, "या आता."