शिंक झाली, बसा!

गफूरमामांच्या ओट्यावर बसणं सोपं, उठणं महाकठीण. "येतो मामा," म्हणत तुम्ही चपलेत पाय घातला की त्यांची डबी उघडलीच. चिमूटभर तपकीर नाकात जायची आणि अख्ख्या वडगाव रासाईला ऐकू जाईल अशी शिंक यायची. पाठोपाठ "अल्हम्दुलिल्लाह!" आणि लगेच, "शिंक झाली, बसा!"

निघताना शिंक झाली की माणसानं जरा टेकावं, घोटभर पाणी प्यावं, ही आमच्याकडची रीत. मामांनी तिचं हत्यार केलं होतं. मीटर बघायला आलेला वायरमनसुद्धा तिथं दोनदा चहा पिऊन जायचा. मी तर सख्खा शेजारी, माझी किती कामं बुडाली ते विचारूच नका.

त्यांची एकुलती एक लेक रेश्मा नवऱ्याच्या नोकरीपायी इंडोनेशियातल्या बाटम बेटावर गेलेली. कोरोनाच्या पहिल्या लाटेत मामी गेल्या, तेव्हा विमानं बंद होती. पोरीला आईचं शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. वाटा उघडल्या तसे मामा निघाले. मला मोडकंतोडकं इंग्रजी येतं म्हणून जावयानं मला सोबतीला जोडलं. सिंगापूरपर्यंत विमान, पुढं तासाभराची बोट. बोटीत चढण्याआधी चाचणी आणि ती निगेटिव्ह आली तरच पुढं.

"मामा, डबी घरी ठेवा. तिथं शिंकलात तर धरून नेतील."

"न्हाई वढत ओ. खिशात नुसती आसू द्या."

धक्क्यावर ही लांब रांग. कुणी खाकरलं तरी माना वळत होत्या. मामांचा नंबर आला, नर्सनं नाकात काडी घातली आणि ती बाहेर आली काळपट तपकिरी. नर्स काडीकडं बघते आहे, मी मामांकडं बघतो आहे, मामा छताकडं. मघाशी संडासात जाऊन आले होते ते कशाला, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. आणि मग ती शिंक आली. वडगावात ऐकू येणारी, तीच.

रांग फुटली. दोन शिपाई धावत आले. आम्हाला एका काचेच्या खोलीत बसवलं. मी डबी दाखवून, नाक दाखवून, हातवारे करकरून सांगत होतो. शेवटी नाक धुवायला लावलं, दुसरी काडी घातली आणि थांबा म्हणाले. काचेतून दिवसाची शेवटची बोट दिसत होती. लोक चढत होते.

माझा पारा चढला होता. "कळत कसं नाही तुम्हाला? एक दिवस नाक आवरता आलं नाही?"

मामा बोटीकडं बघत म्हणाले, "धीर सुटला म्हनून वढली. रेश्मी परदेशी निगाली ना, तवा म्या मुद्दाम तीनदा शिंकलो. तिन्ही बारीला बसली बिचारी. चौथ्यांदा म्हनली, आब्बा, आता जाऊ द्या. आज तिला वाटंल, बापच आला न्हाई."

त्यांच्या ओट्यावरून मी कितीतरी वेळा चिडून उठलो होतो, ते आठवलं.

बोटीचा भोंगा झाला आणि त्याच वेळी नर्स कागद हलवत आली. निगेटिव्ह. आम्ही पळालो. सत्तरीचे मामा माझ्यापुढं होते.

पलीकडं रेश्मा उभी होती. बापलेक गळ्यात पडून आईसाठी रडले, तेव्हा मी सामान मोजत बसलो.

परतायच्या दिवशी दारात टॅक्सी उभी राहिली. मामांनी बूट चढवले. रेश्मानं त्यांच्या खिशातली डबी काढली, चिमूट नाकात घातली. जन्मात कधी तपकीर न ओढलेली पोर, शिंकून शिंकून लाल झाली.

"शिंक झाली आब्बा," डोळे पुसत ती म्हणाली. "बसा."

टॅक्सीवाला हॉर्न वाजवत राहिला. मामांनी बूट काढले आणि बसले.