उताराची मसलत आणि दामोदरपंतांची हजेरी

ओळंबा सत्य, बाकी अवघे थोडेबहुत वाकडे. त्या ओळंब्यास नमन करून शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी शिशिर ऋतूचे वर्तमान वास्तुविशारद मंडळाच्या समस्त सभासदांस लिहितो ते ऐसे जे. मंडळाचे राज्य थोर, आणि सभागृह त्याहून थोर. ते दामोदरपंत खासनीस यांणी चाळीस वर्षांमागे बांधिले आणि त्यास पाच फूट उंच जोते व दहा पायऱ्या दिल्या. तेव्हा कोणी पुसिले, "पंत, म्हातारी माणसे कशी चढतील?" पंत हसून बोलिले, "वास्तुविशारद म्हातारा होत नसतो." मग पंत सत्याऐंशीचे जाहले आणि गुडघे फितूर होऊन चाकांची खुर्ची प्राप्त जाहली. माघ मासी सभेस आले ते पायऱ्यांखालीच राहिले. वरून ठराव ऐकू येत, खाली चहा येई. मग पंतांनी अर्ज केला की, आजवर एक सभा चुकविली नाही, तरी एक वेळ आत बसून ठरावास हात वर करावा, इतकीच इच्छा आहे.

अर्ज ऐकोन दरबार गहिवरला, आणि गहिवरला म्हणोन समिती नेमिली. शिपाई गेनबा दारात होता, तो बोलिला, "बाईसाहेब, चौघं जण लागू आन् खुर्ची उचलू. दोन मिनटांचं काम." अध्यक्षा मालविकाबाई कारखानीस बोलिल्या, "गेनबा, प्रश्न उचलण्याचा नाही, दृष्टिकोनाचा आहे." मग खुर्ची चढण्याजोग्या उताराची मसलत मांडिली. फूटभर उंचीस बारा फूट लांबी या नियमे उतार साठ फूट निघाला आणि अंगण भरले चाळीस. मग उतारास वळण दिले, तो दर्शनी भाग झाकला, आणि दर्शनी भाग पंतांचा, तो झाकणे म्हणजे पंतांचा अपमान, सबब उतार मागून आणिला, तो थेट मुतारीत शिरला, मग पुन्हा पुढे आणिला. कठड्यावरून तीन सभा जाहल्या. एक सरदार लोखंड म्हणे, दुजा बांबू म्हणे, तिजा म्हणे कठडा ही कल्पनाच जुनी. ऐशा सात सभा जाहल्या. साती सभांस पंत पायऱ्यांखाली हजर होते, सबब पटावर गैरहजर मांडिले.

फाल्गुनात पुठ्ठ्याचे मॉडेल सिद्ध जाहले. झाडे स्पंजाची, आणि उताराच्या वळणावर चाकांच्या खुर्चीत नखाएवढा माणूस. गेनबाने ते खाली नेऊन पंतांच्या मांडीवर ठेविले. पंतांनी त्या माणसावर बोट ठेविले. मग पुसिले, "हा मी का रे?"

"तुमीच की. टक्कल बी हाय."

पंतांनी चिमटीने तो माणूस उपटिला, मॉडेलचे छप्पर उचलिले, आणि आत पहिल्या रांगेत ठेविला. बोलिले, "लाव हजेरी." गेनबाने लाविली.

आठवे दिवशी पंत वारले. मग आठवी सभा भरली, आणि अवघा दरबार स्तब्ध उभा राहिला. दोन मिनिटे. गेनबा बोलिला होता तितकाच वेळ लागला. मग मालविकाबाईंनी पाहिले की मॉडेलातील माणूस जागेवर नाही आणि माणसावाचून उताराचे प्रमाण कळत नाही, सबब त्यास आतून काढोन वळणावर पक्का चिकटविला.

सारांश, या ऋतूत एक उतार एकमताने मंजूर जाहला. तो सभागृहात काचेच्या पेटीत आहे. पंत वळणावर आहेत. दार तेथून अडीच इंच. येथे मजकूर टेकविला.